रेषेतले दोन खळगे

४ ऑगस्ट
इंदूर आवडलं. सांगली सोडताना वल्लरीने नाक मुरडलं होतं. पण छत्रीबागेतल्या खोलीत सामान टाकताच ती खाली जाऊन पोहे-जिलबी घेऊन आली आणि वर मलाच म्हणाली, आता इथेच राहू. लग्नाला वर्ष झालं, मला तिची अशी समजूत घालणं कधी जमलं नाही. जिलबीला जमलं.

७ ऑगस्ट
प्रयोगशाळेत यशवर्धन सोबतीला आहे, इथल्या जुन्या मराठी घराण्यातला. सगळ्यांना भिया म्हणतो, म्हणजे इथल्या बोलीत भाऊ. आमचा कॅमेरा उजेडाच्या शेकडो पट्ट्या वेगवेगळ्या टिपतो. पान हिरवंगार दिसत असतानाच ते आतून मरू लागलंय हे त्याला कळतं. वेळीच कळलं की पीक वाचतं, म्हणून तर मी या कामावर जीव टाकतो. गंमत म्हणून आम्ही तळहात त्याच्यापुढे धरले. जिथे रक्त वाहतं तिथे पडद्यावरच्या आलेखाच्या रेषेत शेजारी शेजारी दोन खळगे पडतात. वल्लरीलाही बोलावून घेतलं. तिचे सगळ्यांत ठसठशीत आले.

१९ ऑगस्ट
इंदूरजवळच्या सांवेरला सोयाबीनच्या एका शेतावर कॅमेरा लावलेला ड्रोन फिरवला. पीक जोमदार, कॅमेऱ्यात मात्र मेलेलं. शेतकरी हसला, पण आमच्या भिडेखातर फवारणी केली.

२७ ऑगस्ट
फवारणी करूनही शेत उभं वाळलं. यशवर्धन म्हणाला, देर हो गई भिया. मला नाही तसं वाटत. आम्ही वेळेवरच गेलो होतो.

३० ऑगस्ट
आज पुन्हा तळहात धरले, तर यशवर्धनची रेषा सपाट आली, एकही खळगा नाही. यंत्र बिघडलं असेल म्हणून पांढरी पाटी ठेवून पुन्हा जुळवलं. माझे खळगे आले, त्याची रेषा सपाटच. म्हणाला, मशीनचंच दिमाग फिरलंय भिया. तरी ओढत दवाखान्यात नेलं. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या.

४ सप्टेंबर
यशवर्धन गेला. जेवता जेवता. घास हातातच राहिला.
मला भीती वाटते.

६ सप्टेंबर
वल्लरी डबा घेऊन आली. मी काही सांगितलं नव्हतं. तिनेच हौसेने कॅमेऱ्यापुढे हात धरला —
सपाट.

७ सप्टेंबर
डॉक्टर म्हणाले, उत्तम तब्येत. ती विचारते, चेहरा का पाडलास. काय सांगू. सांवेरची फवारणी आठवते.

९ सप्टेंबर
छत्रीबागेवरून ड्रोन नेला. नदीकाठची झाडं, गच्चीवरची माणसं, कपडे वाळत घालणारी शेजारीण — कशातच काही नाही. आमच्या गच्चीवर एकच ठिपका जिवंत.
तिथे मी उभा होतो.

१० सप्टेंबर
सकाळ. पोहेवाला आला नाही. शेजारचा नळ केव्हाचा वाहतोय, कुणी बंद करत नाही —
वल्लरीने चहा ठेवलाय. उतू जातोय. हाक मारली. ओट्याला टेकून बसलीय, ओ देत नाही —
तिचा हात हातात घेतला. माझा अजून गरम आहे.
माझाच का —