पोरं हलेनात

४ फेब्रुवारी, मंगळवार

पोरं हलली नाहीत!

सबंध गोष्ट वाचून झाली आणि दुसरीच्या वर्गातलं एकही पोर हललं नाही. कुणी नाक कोरलं नाही, शेजारच्याला ढोसलं नाही, खिडकीबाहेर बघितलं नाही. पेन्सिल माझ्या हातात तशीच राहिली. समासात एकही फुली नाही.

शाळेतून निघाले तेव्हा हवेत होते. बसथांब्यापर्यंत. बसमध्ये टेकले आणि मनात पाल चुकचुकली.

इतकी वर्षं मुलांसाठी लिहितेय. प्रत्येक गोष्ट छापण्याआधी दुसरीच्या वर्गात वाचते — मंगळवारी, शेवटच्या तासाला, जमेपर्यंत पुन्हा पुन्हा. ही शिकवण थोरल्यांची. थोरले म्हणजे माझे पहिले संपादक. मी तेव्हा विमा कचेरीत टायपिस्ट होते, जेवणाच्या सुट्टीत गोष्टी लिहायची. पहिलं बाड घेऊन गेले तर म्हणाले, "बाई, मला काय विचारता? पोरांना वाचून दाखवा. आणि त्यांच्या तोंडाकडे बघू नका, बुडाकडे बघा." किती खरं! तोंड खोटं बोलतं. बक्षीस देणारे खोटं बोलतात, समीक्षक तर बोलतातच. सात वर्षांच्या पोराचं बूड खोटं बोलत नाही. ते जिथे वळवळलं तिथे गोष्ट मेली. तिथे फुली मारायची आणि घरी येऊन तेवढा भाग काढून टाकायचा. चाळीस वर्षं हेच करत आले.

ही गोष्ट किल्ली हरवलेल्या एका कुलपाची. खटक्या त्याचं नाव. किल्ली शोधत गावभर हिंडतो. पहिल्या वाचनात तो एका जुन्या बुटात मुक्काम करतो, बुटाशी सुखदुःखाचं बोलतो — तर तिथे पुढच्या बाकावरची दातपडकी पोरगी अशी काही वळवळायला लागली की विचारू नका. फुली! बूट गेला. मला फार आवडायचा तो, पण नियम म्हणजे नियम. गेल्या मंगळवारी बुटाशिवाय वाचलं, तर नेमकी त्याच जागी वर्गभर कुजबूज. म्हणजे दुखणं आणखी मागे होतं. बुटाआधी खटक्याला भेटणारी कोळीणही काढली.

आणि आज सगळे चिडीचूप. पोरं एवढी गुणी कधीपासून झाली? कुठेतरी पाणी मुरतंय.

५ फेब्रुवारी

लेकीला सांगितलं. ती भांडी पुसत होती. "आवडली असेल गं आई." मागे वळूनसुद्धा न बघता! आश्चर्य वगैरे काही नाही.

तिची आणि दुसरीच्या वर्गबाईंची ओळख आहे. एकाच तलावावर पोहायला जातात दोघी. पोहताना बोलता येत नाही, पण कपडे बदलताना येतं.

७ फेब्रुवारी

धाकट्यांचा फोन. धाकटे म्हणजे थोरल्यांचे पुतणे. थोरले गेल्यापासून तेच संपादक, तेच मालक. वय माझ्या लेकीपेक्षा कमी. "मॅडम, अभिनंदन! वर्ग जिंकलात म्हणे!"

म्हणे? कोण म्हणे? मी त्यांना अजून कळवलंच नव्हतं! विचारलं तर, "अहो, कळतं आम्हाला," आणि हसले.

माझी मागची दोन पुस्तकं गोदामात पडून आहेत. डिसेंबरात त्यांनीच तोंडावर सांगितलं होतं — "नवीन छापायचं तर वर्गाने हो म्हणायला हवं, मॅडम. नाहीतर जुन्यातल्या निवडक गोष्टींचा एक देखणा संग्रह काढू." देखणा संग्रह! माणूस गेल्यावर काढतात तसला. मला आणखी एक पुस्तक हवंय. पोरांनी ज्यावर दूध सांडावं, ज्याची पानं दुमडावीत, उशाशी घेऊन झोपावं, असं. पण खरं हवंय. कीव करून दिलेलं नको. म्हणून तर तो वर्ग हवा. आणि त्याच वर्गाला कुणीतरी हात लावलाय असा मला दाट संशय आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज बुडांकडे बघितलंच, पण बाकी सगळ्याकडेही बघितलं.

पाठी ताठ. हात मांडीखाली दाबलेले. एकाच्या नाकातून शेंबूड ओठापर्यंत आला तरी तो पुसेना! दातपडकीचे डोळे लाल — पापणी लवू देत नव्हती कार्टी. खटक्या गटारात पडतो तिथे सगळे एकदम हसले आणि एकदम थांबले. वर्गबाई मागे भिंतीला टेकून उभ्या. हाताची घडी, चेहऱ्यावर मंद हसू. काय पण नाटक बसवलंय!

शेवटी विचारलं, "काय आवडलं?"

"सगळंऽऽ!" एका सुरात. सात वर्षांच्या पोराला कधी सगळं आवडतं का? त्याला कुत्रा आवडतो, पडणं आवडतं, एखादी शिवी आवडते. 'सगळं' हे पाठ केलेलं उत्तर आहे. दातपडकीने हात वर केला होता, तेवढ्यात घंटा झाली. बरंच झालं. तिलाही काहीतरी पढवलेलंच असणार.

जिना उतरताना मनात आलं, माझी एवढी एक खरी जागा होती.

१२ फेब्रुवारी

लेकीशी वाजलं. चांगलंच.

धाकट्यांना बातमी दिली ती हिनेच! "मला आनंद झाला म्हणून केला फोन. गुन्हा झाला का?" मग मी नेट लावला — आणि वर्गबाईंना काय सांगितलंस? आधी "काही नाही." मग "काही विशेष नाही." मग कपाळाला हात लावून बसली. "एवढंच म्हटलं, की आई सध्या जरा नाजूक आहे."

नाजूक! मी!

"मागच्या पुस्तकाच्या वेळी तू पंधरवडाभर नीट जेवली नव्हतीस, आई. मी बघितलंय. मला ते परत बघायचं नाही."

मी म्हटलं, मग वर्गाला गप्प बसवायचं होय? तर शपथा घ्यायला लागली — तसं काही बोललेच नाही म्हणे. ही लहान होती तेव्हा खोटं बोलताना डावा कान ओढायची. आज ओढला नाही. पण आता मोठी झालीय, शिकली असेल.

माझ्या पोटच्या पोरीवर मला विश्वास ठेवता येत नाही. लिहितानाही कसंतरी होतंय.

१५ फेब्रुवारी

युक्ती सुचली. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मोठ्याने हसले. लेक दारातून डोकावली, काही न विचारता गेली.

बघूच आता!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सापळा लावला आणि सगळा वर्ग अलगद आत आला.

गोष्टीच्या ऐन मध्यावर एक अख्खं पान घुसवलं. वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेतून जसंच्या तसं उतरवलेलं. खटक्या धोब्याच्या दुकानाशी पोचतो आणि मग — "यंत्र सपाट पृष्ठभागावर ठेवावे. पाण्याचा दाब योग्य असल्याची खात्री करावी. झाकण बंद झाल्याशिवाय कळ दाबू नये. गाळणी नियमित स्वच्छ करावी." असं पानभर. आवाजात कुठे चढउतार नाही. मलाच वाचताना जांभई आली.

देवाने पाठवलेलं कुठलंही मूल इथे चुळबुळणार! चुळबुळायलाच हवं! पण नाही. एक पोरगा तर बाकाला असा चिकटून बसला होता की कानाच्या पाळ्या लालबुंद. दातपडकीने दोन्ही हातांनी बाक घट्ट पकडला होता. गाळणी आली तेव्हा तिने मान डोलावली. गाळणीला!

वाचन संपवलं, कागद गोळा केले आणि वर्गबाईंना व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, किती दिवस चालवणार आहात हे? पोरांना धाक घातलाय की खाऊ कबूल केलाय?

त्या बघतच राहिल्या. "अहो ताई, मी काहीच सांगितलं नाही त्यांना. आणि सांगून ऐकणारी आहेत का ती? गणिताच्या तासाला पाच मिनिटं एका जागी बसली तर मी पेढे वाटीन!"

"मग माझ्याच तासाला कशी बसतात?"

"तेच तर मला कळत नाही. मला वाटलं, तुमची गोष्टच तशी आहे."

वॉशिंग मशीनची गोष्ट! मी तिथून निघाले. मागून हाक मारत होत्या, पण थांबले नाही.

१९ फेब्रुवारी

धाकट्यांना फोन केला. "छापू नका."

"का हो मॅडम? वर्ग तर—"

"वर्ग खोटा आहे. पोरं माझं मन राखतायत. कुणी शिकवलं ते कळत नाही, पण राखतायत. असल्या पावतीवर मला पुस्तक नको."

मला वाटलं, आता समजूत घालतील. भांडतील. मी भांडणाच्या तयारीत उभीच होते. "बरं," म्हणाले. "मग संग्रहाचंच बघू. मुखपृष्ठासाठी तुमचा एखादा जुना फोटो असेल ना?"

इतकं सोपं होतं सगळं. फोन ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसून रडले. गोष्ट वाईट निघाली असती तरी चाललं असतं. वाईट गोष्टी काय कमी लिहिल्यात मी? चुळबूळ बघायची, घरी यायचं, खोडायचं, परत लिहायचं. आता कुणी चुळबुळतच नाही, तर मी दुरुस्त काय करू? मी म्हातारी झाले हे आरशाने सांगितलं होतं, गुडघ्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आता दुसरीच्या वर्गालाही कळलं, आणि म्हाताऱ्या माणसासमोर बसावं तशी ती पोरं बसायला लागली.

संपलं बहुतेक.

२१ फेब्रुवारी

काही नाही. लेकीने चहा ठेवला, मी प्यायले.

२२ फेब्रुवारी

"फोटो शोधून ठेवू का?" लेकीने विचारलं. शोध म्हटलं. तिने बसल्या जागी नाक पुसलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शाळेत चष्म्याचं घर राहिलं होतं, ते आणायला गेले. वर्गबाईंना टाळून शिपायाकडूनच घेतलं. फाटकाशी दातपडकीने गाठलं. आता दोन दात आलेत, अर्धे.

"आजी, बूट परत आणा ना!"

कसला बूट?

"खटक्याचा! तुम्ही पेन्सिल मारली आणि पुढच्या वेळी बूट गेलाच. मग बूट कुठे गेला म्हणून आम्ही बोललो, तर कोळीण पण गेली! जिथे हलतो तिथलं जातं. मी ओळखलं. मग आम्ही सगळ्यांनी ठरवलं, आता कुणीच हलायचं नाही."

वर्गबाईंनी सांगितलं का, विचारलं. "छे! त्यांना कुठे माहितेय?"

"आणि ते वॉशिंग मशीन?"

"ई! ते घाणेरडं होतं. पण हललो असतो तर त्याच्या आजूबाजूचं पण गेलं असतं ना!"

"अगं, पण बुटाच्या वेळी तूच वळवळलीस. पहिली तूच!"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच दुसरीत आहे.

"मला शू लागली होती, आजी. पण उठले असते तर बूट काय म्हणाला ते राहिलं असतं."

घरी आले. चपलाही न काढता धाकट्यांना फोन लावला — लागला नाही, उद्या परत लावीन. छापा म्हणणार, बुटासकट, कोळिणीसकट. लेक विचारतेय, काय झालं. चाळीस वर्षं वर्गावर्गातून फुल्या मारत हिंडले. एकाही पोराला विचारलं नाही, काय झालं रे बाळा, का हललास?