टिलव्यांचा चिखल

११ मार्च २०२४
देवपूरहून तासभर स्कूटी हाणत पारोळ्याकडच्या तलावावर गेले. पाहते तर पाणी हटलेल्या गाळात काठच्या गावातल्या निंबा आबांनी टरबुजं लावलेली! गाळपेर म्हणे, दरवर्षीची. जिथे टिलवे उतरतात, नेमकी तिथेच. चिमणीएवढी पाखरं, सायबेरियाकडे निघालेली. वाटेत आठवडाभर या चिखलातले किडे खाऊन अंगात चरबी भरून घेतात. आणि हे गृहस्थ तिथे कुदळ मारतायत. तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, पण अडाणीपणाचा इतका सुबक नमुना पाहिला नव्हता.

१२ मार्च
एकशे चाळीस टिलवे. त्या माणसाच्या पायापायात! पाखरांनाही अक्कल नाही.

१९ मार्च
बोललेच शेवटी. आबा, ही जागा पाखरांची आहे, म्हटलं. त्यांच्या हातात उपटलेल्या बेशरमाच्या झुडपांचा भारा. म्हणाले, "मी बेशरम उपटस म्हनीसन पाखरे उतरतस, मॅडम."
म्हणजे सायबेरियाची पाखरं यांच्या निमंत्रणावरून येतात! घरी येईपर्यंत हसत होते.

२ एप्रिल
पाटबंधाऱ्याच्या कचेरीत अर्ज दिला — तलावातला माणसाचा हस्तक्षेप बंद व्हावा. भाची कामिनी म्हणते, मावशी, म्हाताऱ्याचं पोट आहे त्या गाळावर. तिला काय कळतंय! बँकेत असते.

३० नोव्हेंबर
पत्र आलं. यंदापासून गाळपेर बंद. चला, एकाला तरी वाचता येतं त्या कचेरीत.

१३ मार्च २०२५
एकही टिलवा नाही. उशीर झाला असेल.

१७ मार्च
उशीर कसला! चिखलच दिसत नाही. काठापासून थेट पाण्यापर्यंत बेशरम, छातीइतकं, जांभळी फुलं मिरवत. दुपारी चार टिलवे आले. तीनदा घिरट्या घातल्या, पाय टेकायला जागा नाही, निघून गेले. उपाशीच. मला रडू आलं.
टिलव्यांना उघडा, ओला गाळ लागतो — तीस वर्षं मीच फळ्यावर लिहिलं. तो उघडा कोण ठेवतं, हे एकदाही मनात आलं नाही. मूर्ख बाई! हस्तक्षेप बंद हवा होता ना? झाला.

२३ मार्च
पारोळ्याच्या बाजारात निंबा आबा दिसले. दुसऱ्याची टरबुजं टेम्पोतून उतरवत होते. मी तोंड फिरवलं. त्यांनीच हाक मारली. "पाखरे उनात का, मॅडम?"
हो, आली, म्हणाले मी.