बायका बाहेर असताना

३ मार्च
एकमताने नामंजूर! माझा प्रस्ताव! सभागृहाच्या मजल्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह हवं, एवढंच तर मागितलं होतं. पुरुषांचं आहे, दाराला लागूनच. आम्हा नगरसेविकांना मात्र जिना उतरून, रस्ता ओलांडून समोरच्या बेकरीत जावं लागतं. आज सगळ्या तिकडेच गेलो होतो — तेवढ्यात अध्यक्षांनी, आमच्या मिशीवाल्यांनी, नेमका तोच विषय पुकारला. परत आले तर म्हणे, बाजूने कुणी बोललंच नाही. बोलणारी बेकरीत रांगेत उभी होती ना!

४ मार्च
नवरा हसला. मी जेवले नाही. (नंतर जेवले.)

९ मार्च
शिपाईकाका हळूच म्हणाले, साहेबांचा डोळा दारावरच असतो. तुम्ही उठलात की अडचणीचे विषय निघतात. म्हणजे रस्त्यावरचे दिवे, पाळणाघर, सगळं असंच गेलं! अंगाची नुसती लाही लाही झाली.

सासूबाईंना सांगितलं. भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, "मग त्यांना चहा पाज."

मला हसू फुटलं.

"पण एकदाच हं. असल्या खोडीची चटक लागते."

२ एप्रिल
प्रस्ताव पुन्हा दिलेला. चहावाल्याला बजावून ठेवलं होतं, पुरुषांचे कप रिकामे दिसता कामा नयेत. वर कलिंगडाच्या फोडी! मिशीवाल्यांनी ताटलीच जवळ ओढली. बजेटवरची भाषणं काही संपेनात. एकेक जण चुळबुळ करत उठायला लागला. शेवटी मिशीवालेही "आलोच" म्हणत खुर्ची उपाध्यक्षांकडे सोपवून पळाले.

उपाध्यक्ष कोण? आमच्यातल्याच मास्तरीणबाई! त्यांनी विषय पुकारला, आम्ही हात वर केले. मंजूर! बाहेर पुरुषांची रांग लागली होती. आज पोटभर जेवले.

१७ ऑगस्ट
स्वच्छतागृह झालं एकदाचं. कडी आहे, पण बाहेरून! आळीपाळीने दार धरतो.

५ जानेवारी
अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मिशीवाले पडले. मी आले! नवऱ्याने सगळ्या नातेवाइकांना फोन केले. सासूबाई म्हणाल्या, खुर्चीत नीट बस.

११ जानेवारी
माझी पहिली सभा. पाळणाघराचा विषय पुन्हा आणला होता. मिशीवाले विरोधाचं भाषण लिहूनच आले होते. तिसरा चहा संपवून मध्येच चुळबुळत उठले, दाराबाहेर गेले. पाठोपाठ त्यांची माणसंही. मी विषय पुकारला.

घरी आल्या आल्या सांगितलं, पाळणाघर मंजूर!

"एकमताने?" सासूबाईंनी एवढंच विचारलं, आणि चहा पुढे ठेवला.

मी कपात बघत बसले.