हलकी झालेली रजई

रिसोड,
पौष वद्य चतुर्थी

ती. सौ. सुंदरअक्कांच्या पायांवर धाकट्या भावजयीचे डोके. (पत्रातून ठेवलेले आहे, तेव्हा पाय मागे घेऊ नका.)

जऊळक्याला सगळे खुशाल असावेत. तुमचा गुडघा थंडीत बोलतो असे ऐकले. माझ्याशी हल्ली घरात तेवढेही कोणी बोलत नाही, म्हणून गुडघ्याचा राग करू नका. मी बरी आहे. तुमचे भाऊ गेल्यापासून कोणी विचारले की मी 'बरी आहे' म्हणते, आणि विचारणारा लगेच दुसऱ्या विषयावर जातो. सोयीचा शब्द आहे.

भावाची आठवण म्हणून त्यांची रजई पाठवून दे, असे तुम्ही दिवाळीनंतर लिहिलेत. मागणे रास्त आहे. सख्खी बहीण तुम्ही. मी काय, मधेच नाशिककडून आलेली. ती रजई तुम्हांला ठाऊक आहेच. सरकी काढायच्या जिनातून, कामावरून येताना त्यांच्या टोपीला कापूस चिकटलेला असायचा आणि दर हिवाळ्यात त्या रजईत नव्या कापसाची भर पडायची. मला थंडी फार वाजते म्हणून, असे ते म्हणत. (स्वतः उघडेच झोपत आणि पहाटे हळूच अर्धी ओढून घेत.) अशाने ती इतकी जड झाली होती, की एकदा अंगावर आली म्हणजे कूस बदलायलाही मनाचा हिय्या करावा लागे. ते गेल्यावर तोच जडपणा मला बरा वाटू लागला. घरात कोणीतरी आहे असे वाटे. पण ते असो. तुम्ही मागितलीत, तर गोळे झालेली कशी पाठवायची? म्हणून मी ती पिंजून घ्यायला बिस्मिल्लाकडे दिली.

बिस्मिल्ला म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या इब्राहीम पिंजाऱ्याची बायको. तो खोकल्याने अंथरुणाला खिळल्यापासून पिंजण तीच चालवते. जन्मभर त्या तारेचा आवाज ऐकून तिचे कान अर्धे गेले आहेत, आणि उरलेल्या अर्ध्यांत तुम्ही काय म्हणाल ते ती आपल्या मर्जीने ऐकते. तिने रजई अशी सुरेख पिंजून, टाके घालून आणली की मला भरून आले. मी माहेरच्या वळणाने हात जोडले आणि म्हटले, 'फार आभार, बिस्मिल्लाबाई.' तिने माझ्याकडे फार कळवळून पाहिले, रजई पुन्हा डोक्यावर घेतली आणि चालती झाली.

मला वाटले, एखादा टाका चुकला असेल. दुसऱ्या दिवशी घेऊन आली. रजई जरा उतरल्यासारखी दिसली, पण आपण शंका घेणे बरे नव्हे, म्हणून मी आणखी मोठ्याने आभार मानले. ती पुन्हा घेऊन गेली. (शिकलेल्या माणसाला शहाणपण नसले तरी सभ्यता असते, आणि ती फार महाग पडते.) तिसऱ्यांदा आली तेव्हा रजई तिच्या काखेत मावत होती. मी तोंड उघडायच्या आत तीच काकुळतीला येऊन म्हणाली, "बाई, आता त भार नाई ना? याच्याहून कमी केलं त नुसतं कापड उरते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी 'फार आभार' म्हणत होते आणि तिला 'फार भार' ऐकू येत होते. इथे हा शब्द कोणी वापरतच नाही, अक्का. बरे केलेत तर माणसे 'बसा, चहा घ्या' म्हणतात. मी तिला समजावून सांगितले, तर डोक्याला हात लावून बसली. म्हणाली, "येवढ्यासाठी मी दोनदा उसवली? 'बरं झालं' म्हनायले काय पैसे पडते तुमाले?" मग ती हसली, आणि तुमचे भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच मीही हसले. हसता हसता काढलेला कापूस आठवला, आणि तो कुठे गेला म्हणून विचारले.

तिने तो विकला नव्हता. तिची सून लतीफा नुकतीच बाळंत झाली आहे. तिच्या लेकराखाली छोटी गादी करून घातली होती. "मले वाटलं, मानूस गेला की त्याचं पांघरून अंगाले जड होते. तुमचं तुमाले उसवून देतो," असे म्हणत ती मला घरी घेऊन गेली. गादीवर ते मुठीएवढे पोर झोपले होते, ओठ हलवत. आम्हांला मूल झाले नाही, हे तुम्हांला सांगायला नको. दर वर्षी तुम्हीच नवस सुचवत होतात. बिस्मिल्लाने पोराला उचलण्यासाठी हात घातला. मी तिचा हात धरला. 'राहू दे' एवढेच म्हटले. मोठ्याने म्हटले, नाहीतर तिने आणखी काही ऐकले असते.

लतीफाने चहा दिला. मी आभार मानले नाहीत.

तेव्हा अक्का, उरलेली रजई जगदेव गाडीवानाबरोबर पाठवते आहे. पातळ आहे, पण तुमच्या भावाचीच आहे. गोड मानून घ्यावी. रात्री मला आता थंडी वाजते, पण मी बरी आहे.

आपली,
अनसूया

ता. क. गाठोडे बांधून झाले होते. पुन्हा सोडले आहे. रजई पाठवत नाही. रागावा.

ता. क. दुसरा. रागावून झाले की तुम्हीच इकडे या. घरचा कापूस असेल तर एक पोते घेऊन या. बिस्मिल्लाकडून ती पुन्हा जड करून घेऊ. ती दोघींना पुरेल. पहाटे तुम्ही ओढून घेतलीत तरी मी बोलणार नाही. येताना त्या पोराला एक अंगडे आणा.

ता. क. तिसरा. जगदेव दारात खोळंबला आहे. विचारतो, "बाई, गाडी जुंपली ते या कागदासाठी काय?" जिभेवर 'आभार' आले होते. गिळले, आणि त्याला भाकर बांधून दिली.