आमच्या फ्रिजची पांढरी पाच

१ जानेवारी, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही.
आमच्या 'विसंवाद' या प्रायोगिक संगीत गटाचं हे निर्णायक वर्ष. गटात मी, म्हणजे संस्थापक आणि रचनाकार. शिवाय मी स्वतः बनवलेली 'घुमणी' वाजवतो. तारा, स्पीकर आणि बॅटरी बसवलेली लाकडी पेटी, अखंड एकच खोल सूर देणारी. मेहुण्याकडे पत्र्याचे डबे. दातांच्या डॉक्टरांकडे व्हायोलिन, एका तारेचं. बाकीच्या तारा मी काढायला लावल्या. बायकोकडे श्वास, म्हणजे माइकसमोर फक्त श्वास घ्यायचा आणि सोडायचा. ती लहानपणापासून गाणं शिकलेली आहे, पण मी तिला त्यातून बाहेर काढलं.
चहा देताना ती म्हणाली, एक वर्ष देते. डिसेंबरपर्यंत लोकांसमोर एक तरी कार्यक्रम झाला नाही, तर गट सोडून मी पुन्हा गायला लागणार. मी हसलो. एक? डझनभर होतील.

२३ जानेवारी
तालीम स्वयंपाकघरात, कारण बाहेर सासूबाई टीव्ही बघतात. घुमणीचा सूर आज असा लागला की सगळे आपोआप त्यात मिसळले. मध्येच थांबला. मी बटण दाबलं, पेटीवर दोन चापट्या मारल्या. थोड्या वेळाने आपला आपण सुरू झाला. वाद्याला स्वतःची मर्जी आहे.

११ फेब्रुवारी
बायको भाजी चिरताना गुणगुणत होती. चक्क सुरात! तिला शांतपणे समजावलं की सूर ही सवय आहे, आणि सवय हा कलेचा शत्रू. तिने मान डोलावली. सुरी मात्र जोरात चालली.

१९ मार्च
वाचनालयाच्या सभागृहाचे व्यवस्थापक म्हणाले, यात चाल कुठे आहे? मी उठून आलो. उठायला त्यांनीच सांगितलं होतं, पण निर्णय माझा होता.
घुमणीची बॅटरी बदलायची आहे. उद्या.

३० एप्रिल
मेहुणा म्हणाला, भावोजी, मित्रांच्या बँडने लग्नात वाजवायला बोलावलंय. परवानगी नाकारली. तरी वाजवायला गेलाच.
बॅटरी: उद्या नक्की.

७ जून
डॉक्टरांच्या इमारतीच्या गच्चीवर आमचा पहिला कार्यक्रम होता. सुरू होण्याआधी डब्यांचा आणि तारेचा आवाज तपासत होतो, घुमणी अजून पिशवीतच होती, तेवढ्यात सेक्रेटरी धावत वर आले. त्यांना वाटलं टाकीचा पंप बिघडला. कार्यक्रम रद्द. डॉक्टर व्हायोलिन पिशवीत लपवून जिना उतरले. प्रचंड प्रभावित झाले असावेत.
बायको रिक्षात म्हणाली, अर्धं वर्ष गेलं. मी म्हटलं, अर्धं आहे. पण घरी आल्यावर कॅलेंडरवर उरलेले आठवडे मोजले, हे इथे लिहून ठेवतो.

१२ जुलै
स्वयंपाकघरातल्या तालमीचं रेकॉर्डिंग 'नवे ध्वनी' संमेलनाला पाठवलं. बायकोचा श्वास कमी ठेवला. तो सारखा सुराकडे झुकतो.

२६ ऑगस्ट
निवड झाली!! समितीच्या बाईंचा फोन. म्हणाल्या, तो मागचा खोल सूर आम्हा सगळ्यांच्या अंगावर आला, असं काही ऐकलं नव्हतं, कार्यक्रम त्याच्यावरच उभा राहू द्या. कोणतं वाद्य? मी म्हटलं, स्वनिर्मित. ६ डिसेंबर, मोठं सभागृह.
बायकोला सांगितलं. तिने नळ बंद केला, हात पुसले. मग म्हणाली, बरं झालं. एवढंच.

१५ सप्टेंबर
घात झाला.
फ्रिज फार घोंघावतो, मालिकेतलं काही ऐकू येत नाही, म्हणून सासूबाईंनी परस्पर मेकॅनिक बोलावला. त्याने कॉम्प्रेसरखालची झिजलेली रबरं बदलली. संध्याकाळी तालमीला घुमणी चालू केली, तर शांतता. डॉक्टरांची तार एकीकडे, मेहुण्याचे डबे तिसरीकडे. पेटी उघडली. बॅटरी गंजून केव्हाच संपलेली.
बायको म्हणाली, अहो, तो फ्रिज होता. जानेवारीपासून. पांढरी पाच, म्हणजे हार्मोनियमवरची पाचवी पांढरी पट्टी, जरा चढी. आम्ही सगळे त्यालाच सूर लावायचो.
मेहुणा आणि डॉक्टर लादीकडे बघत होते. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. मी विचारलं, सांगितलं का नाही? ती म्हणाली, तुम्ही खूश होतात.

१६ सप्टेंबर
नीट विचार केला. घरातली वस्तू वाजली तर वाद्य घरमालकाचंच. फ्रिज सासऱ्यांनी दिला होता, पण तो या कोपऱ्यात मी ठेवला. कोपऱ्यामुळेच आवाज घुमतो. म्हणजे रचना माझीच.
घुमणीत नवी बॅटरी घातली. कानाशी डास गुणगुणल्यासारखा आवाज येतो. बाद.

४ ऑक्टोबर
मेकॅनिकला बोलावून म्हटलं, होता तसा बिघडवून द्या. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं, आणि पिशवी उचलून चालता झाला. शेवटी मीच फ्रिज पुढे ओढून रबरं काढली. एक बोल्ट उरला. तो कुठला, ते फ्रिजला माहीत. पण घोंघावला! बायकोने कान देऊन सांगितलं, तीच पट्टी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंच्याही, वेगळ्या कारणाने.

२१ नोव्हेंबर
डॉक्टरांचे अर्धे पेशंट कार्यक्रमाला येणार आहेत. ते म्हणाले, हसं झालं तर माझा हा शेवटचा कार्यक्रम. मेहुणा म्हणाला, माझाही.  बायकोचं जानेवारीतच म्हणून झालंय.
ती विसळताना गुणगुणते. हल्ली मी थांबवत नाही. लक्ष नसतं म्हणून.

६ डिसेंबर, दुपार
फ्रिज टेम्पोतून उभा आणला. दूध-भाजी शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये. रंगमंचाच्या मधोमध ठेवून ताबडतोब चालू केला, म्हणजे संध्याकाळपर्यंत आवाज तापेल. काय घोंघावतोय! सगळा विचार करून ठेवलाय. काहीही चुकू शकत नाही.

७ डिसेंबर
लिहायला हात होत नाही, तरी लिहितो.
पडदा उघडला. सभागृह गच्च, एसी कडक. मी हात वर केला. फ्रिज गप्प. दुपारपासून चालून तो आतून गारठला होता, त्यात बाहेरही गारवा. त्यामुळे कॉम्प्रेसर आपोआप बंद होऊन बसला. डॉक्टरांचा गज हवेत, मेहुणा माझ्याकडे बघतोय. पुढच्या रांगेत कुणीतरी खाकरलं.  आता वर्षही संपलं आणि बायकोही गटातून गेली, एवढंच डोक्यात.
आत ऊब गेली तर सुरू होईल, म्हणून मी फ्रिजचं दार सताड उघडलं. आतला दिवा लागला. उजेड बायकोच्या तोंडावर पडला. तिने डोळे मिटले आणि सूर लावला.
पांढरी पाच. जरा चढी.
श्वास नाही, आवाज. मी लग्नाआधी ऐकला होता तो. डॉक्टर मिसळले, मेहुणा मिसळला. ती त्या एका सुरातून निघून कुठे कुठे जाऊन परत येत होती. मी दार धरून उभा. बऱ्याच वेळाने फ्रिज थरथरला आणि नेमका तिच्या सुरात घोंघावू लागला. तेव्हा लोक उभे राहिले.
मला फार छान वाटलं. फार वाईटही वाटलं. दोन्ही एकदम.

१८ डिसेंबर
बायको शब्दाला जागली. कार्यक्रम झाला म्हणून गट सोडत नाही म्हणाली. फक्त यापुढे रचना ती ठरवेल. डॉक्टरांनी उरलेल्या तारा बसवल्या. कुणी मला विचारलं नाही. हे विश्वासाचं लक्षण आहे.

३१ डिसेंबर
समितीच्या बाईंचा फोन. मार्चमध्ये पुन्हा बोलावलंय. मी म्हटलं, संस्थापक बोलतोय. त्या म्हणाल्या, गाणाऱ्या बाईंना फोन द्या ना जरा. मग आठवण झाल्यासारखं म्हणाल्या, आणि ते दार उघडणारे गृहस्थही येऊ देत, उजेड फार सुंदर पडतो.
नव्या वर्षाचा संकल्प: दार एका दमात उघडायचं. बिजागरीला तेल घालायचं. उद्या नको, आजच. घातलं.
आत तालीम सुरू झाली आहे. मी सासूबाईंशेजारी बसून लिहितोय. त्यांनी टीव्हीचा आवाज स्वतःहून बंद केला आहे.
माझं काम अगदी शेवटी आहे. हाक मारतील.