नाथाजीचा बांध

१८ नोव्हेंबर

आले बाई एकदाची! वडूजपासून इथवर टेंपोने असे हादरे दिले की कपाटाचा आरसा आणि माझी कंबर, यातलं एकच काहीतरी शाबूत राहील असं वाटत होतं. दोन्ही शाबूत आहेत. मिरजेच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून जन्म काढला, तिथे साधी खिडकी नव्हती. आता चारी बाजूंनी आभाळ आहे आणि सातबाऱ्यावर एकटं माझं नाव, क्रांती. दुपारी उगाचच अनवाणी हिंडले.

घर दगडमातीचं, कौलं घसरलेली, मागे पडका गोठा. घर सावरायचं, गोठ्याच्या दोन खोल्या करायच्या, रानाला खताची एक गोणी लावायची नाही. शहरातल्या दमलेल्या माणसांनी यावं, चार दिवस मातीत हात घालावेत, भाकरी खावी, गप्प बसावं. भाचीने फोनवर विचारलं, मावशी, या वयात? म्हटलं, मग कधी, मेल्यावर?

मदतीला गावातल्या भामाबाई आहेत. जीभ माझ्याहून तिखट. माझा बेत ऐकून म्हणाल्या, "आता ह्या रानाला बी सलाईन लावणार व्हय?" आमचं जमणार.

२४ नोव्हेंबर

माती खरंच आयसीयूतली आहे. खणलं तर ढेकूळ, एक गांडूळ नाही. वर्षानुवर्षं युरिया ओतला की असंच व्हायचं. पिंपात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन घालून जीवामृत लावलंय. वास असा की भामाबाई पदर नाकाला लावून शिव्या घालतात. रानावर उसाचं पाचट अंथरलं.

पश्चिमेच्या बांधालगत, चांगलं बैलगाडीभर अंतर सोडून, शेवग्याची ओळ लावली. बांधावर एक म्हातारी बोर आहे. पलीकडे कुणा नाथाजीचं रान. गवताची काडी नाही तिथे, पाखरूही उतरत नाही. पूर्वेचे शेजारी लालासाहेब (फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त, मिशा अजून ड्यूटीवर) म्हणाले की शेवगा लांब लावायचा होता. का, ते सांगितलं नाही.

९ डिसेंबर

गांडूळ! पाचटाखाली, लालचुटुक, वळवळणारं! भामाबाईंना ओरडून बोलावलं, तर त्यांना वाटलं साप निघाला.

पण संध्याकाळी डोकं फिरलं. शेवगा आणि बांध यांच्यातून आता माणूस जेमतेम जातो. बांध कोरलाय कुणीतरी! मी रहिमतपूरची आहे, मला शिकवू नये. दरसाल नांगराचं एखादं तास, एक ओळभर, शेजाऱ्याच्या हद्दीत घालायचं आणि वर रामराम करायचा. ह्या एका उद्योगापायी आमच्याकडे सख्खे भाऊ कोर्टात म्हातारे होतात. पण दरसाल, दर आठवड्याला नव्हे! तशीच लालासाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "तिकडं कोरायला हाय कोण?"

१५ डिसेंबर

शेवग्याची ओळ बांधाच्या पलीकडे गेली आहे. रोपं वाळून काड्या झाल्यात. बांध ताजा असता तर समजले असते. पण दगडांवर जुनं शेवाळ आहे, मुंग्यांची वारुळं आहेत, बोर मुळांसकट त्यातच उभी आहे. झाड चालत नाही.

लालासाहेबांना ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि उठू दिलं नाही. तेव्हा बोलले. नाथाजी एकटा जीव, मागे कुणी नाही. माझ्या जमिनीच्या जुन्या मालकांनी वर्षानुवर्षं त्याचा बांध कोरला. तो रोज बांधावर येऊन भांडायचा, एक दिवस भांडतानाच गेला. त्याच्या समाजात पुरायची रीत, म्हणून त्याला त्याच्याच रानात पुरलं, आणि पुढे त्यावरूनही जुन्या मालकांचा नांगर फिरला. तेव्हापासून तो परत घेतो. जो मालक येतो तो नारळ फोडतो, बांधाकडे तोंड करून "दिलं" म्हणतो, की काही वर्षं शांत. तोंडचा शब्द लागतो, कागदाला तो विचारत नाही. मीही एक पट्टा द्यावा, असं त्यांचं म्हणणं.

मला हसू आलं, मग राग आला. वडील गेल्यावर भावांनी हक्कसोडपत्र पुढे ठेवलं होतं. सगळ्या बहिणी देतात, माहेर तुटू नये म्हणून. मीही दिलं म्हटलं. त्यानंतर त्याच रानात भावाच्या परवानगीने हुरडा खाल्ला, पाहुणीसारखा. आता हे रान माझ्या घामाचं आहे. नाथाजीवर अन्याय झाला, मान्य. पण तो मी केला नाही. एक वीतही देणार नाही.

२ जानेवारी

मोजणी झाली. यंत्र लावून, नकाशा पसरून साहेबांनी सांगितलं की बांध आहे तिथेच बरोबर आहे. मी भांडले. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले आणि गेले.

बांध गोठ्याच्या भिंतीला टेकलाय. भामाबाई म्हणाल्या, "ताई, म्हणा की येकदा. शब्दच हाय, त्येला काय पडतंय?" शब्दच आहे! एका शब्दापायीच तर माझं सगळं गेलं होतं. भामाबाईंवर नको इतकी चिडले. त्या तरीही कामाला आल्या. मला बरं वाटलं, तसं त्यांना सांगितलंही.

९ जानेवारी

भर दुपारी. भामाबाई गोठ्यामागे उन्हात भाकरी खात बसल्या होत्या. मी पाणी घेऊन गेले तर मध्ये बांध. त्या पलीकडे. भाकरी टाकून उकिडव्या बसलेल्या, नखांनी ढेकळं फोडत होत्या. हाक मारली. माझ्याकडे पाहिलं ते अनोळखी बाईकडे पाहावं तसं.

"बाई, बांध वलांडू नगा. मालक वरडत्यात."

पण उडी मारली. पलीकडे आवाजच नाही. वारा नाही, माझी चप्पलही वाजत नव्हती. दंडाला धरून ओढलं, त्या मातीत नखं रोवत होत्या. कशीबशी अलीकडे आणली. नाडी बघितली. कितीतरी वेळ लागलीच नाही. मग लागली, आणि त्या रडायला लागल्या.

त्यांच्या मुलाने, कपिलने, गाडी आणून मिरजेला दवाखान्यात नेलं. जाताना त्यांनी माझा हात सोडला नाही. मलाही चला म्हणत होत्या. माझं मन तुटलं, पण गेले नाही. माणसंही घेणार असशील, नाथाजी, तर आता माझ्याशी गाठ आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. बांध घरातून गेलाय. स्वयंपाकघर माझं, माजघर त्याचं. बोर चुलीजवळ उभी आहे— छताला भोक न पाडता. त्या बाजूची कौलं पुन्हा घसरलेली, मी लिंपलेली भिंत ओघळलेली.

लालासाहेब लांबूनच ओरडून गेले. म्हणा, निघा.

रात्रभर विचार केला नाही, झोपले. सकाळी उत्तर सुचलेलं होतं. त्याचं रान मेलेलं आहे, म्हणून त्याला माझं लागतं. मेलेली माती कशी उठवायची ते मला येतं. मग भांडायचं कशाला?

खोरं घेतलं. बांध फोडला. जीवामृताची सगळी पिंपं त्याच्या रानात सोडली. पाचट ओढलं, अंथरलं. हात सोलले.

ये, नाथाजी. कर काय करायचं ते.

१६ जानेवारी

थांबला! बांध दोन दिवस हललेला नाही! वाळल्या शेवग्याला डोळा फुटलाय. पाचट उचललं तर गांडुळं— मुठीत मावणार नाहीत इतकी. पाखरू उतरलं, मैना. मी एकटीच टाळ्या वाजवत नाचले. भामाबाई असत्या तर येडी म्हणाल्या असत्या.

घरातल्या बोरीपाशी, त्याच्या बाजूला, जमीन थोडी फुगली आहे. चांगली माती फुगतेच.

१७ जानेवारी

फुगवटा वाढलाय. लांबट आहे. गांडुळं सगळी तिथेच चाललीत, रानभरातून, एकाच दिशेने.

हात लावला. उबदार.

वर-खाली होतोय. श्वास मला ओळखू येतो. आयुष्यभर तेच बघितलं—

पळावं? कुठे? भावाच्या पडवीत? नाही. मीच उठवलंय, मीच बघेन.

१८ जानेवारी

सकाळी जागा रिकामी. खड्डा.

तो बांधावर उभा आहे. मातीचा माणूस, आत गांडुळं हलताहेत. डोळे मात्र माणसाचे. भिजलेले.

भीती वाटते. खूप वाटते. खोरं धरून समोर गेले. म्हटलं, चोरी माझी नव्हती. तुझं रान मी जिवंत केलं. शेजारी राहायचं तर राहा. पण तो शब्द माझ्या तोंडून निघणार नाही—

त्याने वाकून माती उचलली. माझ्या ओंजळीत ठेवली.

आणि तोच म्हणाला. "दिलं."

बांध उतरून गेला. रस्त्याकडे. हलका झाल्यासारखा. वळला नाही.

दुपार

बांध नाही. कुठेच नाही. सगळं एकच रान. माझं.

घराकडे निघाले. पाय उचलेना. घोटे आत गेलेत. ओढते, तर खालून—

वही कमरेला होती म्हणून—

लालासाहेब आले. कडेला उभे. आत यायला घाबरताहेत. ओरडताहेत, "ताई, दिलं म्हणा! माज्या नावानं म्हणा! मी बघतो फुडचं, तुमी सुटा!" रडताहेत म्हातारे. भले आहेत. मनापासून सांगताहेत.

एक शब्द. नाथाजी म्हणाला आणि सुटला, मी म्हटलं की मीही सुटले.

पुन्हा? माझी जमीन?

गुडघे गेले. गार नाही. ऊब आहे. पोटऱ्यांभोवती वळवळ—

"म्हणा की वं ताई!"

मान हलवली. नाही.

कंबर. श्वास जड. हात वर आहेत अजून. लिहून ठेवते. हे रान क्रांतीचं. तिने कुणाला दिलेलं नाही. भावाला नाही, शेजाऱ्याला नाही, खाली जे कोण ओढतंय त्यालाही— ओढ, ओढ की— मी नाही म्ह