आतून जाळी

३ जून २०२४, नरडाणा
कानबाईच्या कृपेने बोदवडहून सामान सुखरूप आलं. कारखान्याने दिलेली खोली छान, तुळशीला ऊन मिळतं. ह्यांना स्टोअरमध्ये काम, मला दहावी पास म्हणून वजनकाट्यावर. इथे धातू ओतत नाहीत. पिठासारखी अॅल्युमिनियमची भुकटी मशीनच्या पेटीत पातळ पसरते, लेझर हवी तेवढीच वितळवतो, असे थरावर थर. असा बनलेला यंत्राचा भाग बाहेरून सलग, आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी. दणकट तरी हलका. उरलेली भुकटी चाळून पुन्हा घेतात. वाया काही नाही, हे मला फार आवडलं. सोबतची मोहिनी हसली, म्हणाली, अक्का, तुम्ही तं चाळणीबी देव्हारामा ठेवशात!

१९ जून
पेटीत आर्गॉन वायू भरतात. त्याला वास नाही, पण त्यात श्वास मिळत नाही. तो निघेपर्यंत थांबायचा नियम. मालक योगेंद्रभाऊंना घाई होती. त्यांनी मोहिनीला थांबू दिलं नाही. मी शेजारीच होते. तयार भाग काढायला ती कमरेपर्यंत आत वाकली, ती उठलीच नाही.

२१ जून
भाऊ म्हणाले, मोहिनी न विचारता पेटीत वाकली असं लिहून द्या, नाहीतर खोली रिकामी करा. मी लिहिलं. सही केली. दोंडाईच्याहून तिची आई भिकुबाई आली. माझा हात धरून विचारत होती, मनी पोर कशी मरनी? तिलाही तेच सांगितलं. तिने हात सोडला. म्हणाली, मनी पोर तुमले सोडाव नही.

२ जुलै
भुकटी गेली चारशे ग्रॅम, भाग निघाला सहाशे दहा. काटा तीनदा तपासला. भाग कापला. जाळीत लालसर, ओलं काहीतरी, नळीच्या हाडात असतं तसं. झाडणारी प्रमिलाबाई झाडू टाकून पळाली.

५ जुलै
भाऊ भरदुपारी फाटकाशी कोसळले. हमाल प्रेमराजने त्यांना एका हाताने उचललं, सुपासारखं. म्हणाला, अक्का, यामा काहीच नही. छातीला त्याचं कडं लागलं तर पत्र्याचा आवाज —

६ जुलै
भाऊ गेले. आजचाही भाग जड निघाला. भाऊ तर नाहीत, मग हे कोणाचं —

७ जुलै
ओट्यावर मनगट आपटलं. दुखलं नाही. वाजलं.

८ जुलै
काट्यावर उभी राहिले. एकवीस किलो. जप करते, शब्द आत घुमतात —

९ जुलै
भिकुबाई, खरं लिहिते. बोटं करकरतात. तुमची पोर आपणहून पेटीत वाकली नव्हती. भाऊंनी थांबू दिलं नाही. मोहिनी, थांब गं, लिहितेय ना — तिने माझ्याकडे पाहिलं होतं, वाकू का अक्का म्हणून. मला नियम माहीत होता. तरी मी मान हल